लैंगिक आजारांची तपासणी वाढवण्यासाठी दवाखान्यातील कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण कसे द्यावे

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेल्या पाहणीचे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले. त्या पाहणीत ६५० स्त्रियांची तपासणी झाली होती. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक स्वरूपाचा एक तरी आजार होता, एकेकीला सरासरी ३.६ आजार होते, आणि या साऱ्या आजारांत जननमार्गाच्या संसर्गांचा वाटा निम्मा होता. प्रशिक्षकाने मात्र त्यातले आणखी दोन आकडे पाठ करून ठेवावेत. तपासलेल्या स्त्रियांपैकी ४५ टक्के स्त्रियांची कसलीही तक्रार नव्हती. आणि त्याआधी कधी तपासणी व उपचार मिळालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के.

तेव्हापासून दवाखाने वाढले, बोटाच्या टोकावरच्या रक्ताने होणाऱ्या झटपट चाचण्या आल्या, औषधे मोफत मिळू लागली. पण रुग्णाने तक्रार सांगावी आणि मग आपण पाहावे, हा शिरस्ता अजून बऱ्याच ठिकाणी तसाच आहे. हे आजार त्या शिरस्त्यात सापडत नाहीत. क्लॅमिडिया या लैंगिक संसर्गाची लागण झालेल्या बहुतेक स्त्रियांना काहीही जाणवत नाही, परम्याचेही (गनोरियाचेही) स्त्रियांमध्ये पुष्कळदा तसेच असते. उपदंशाची, म्हणजे ज्याला जुनी माणसे गरमी म्हणतात त्या आजाराची पहिली जखम दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येते; त्यामुळे बरे झालो असे समजून रुग्ण घरीच राहतो आणि रोग मात्र शरीरात टिकून राहतो. म्हणून प्रशिक्षणाचा हेतू एका वाक्यात मांडता यावा: तक्रार नसलेल्या माणसालाही योग्य प्रश्न विचारला जावा, चाचणी देऊ केली जावी आणि दोष आढळला तर उपचार त्याच दिवशी सुरू व्हावेत. पुढील मांडणी ग्रामीण रुग्णालय आणि प्राथमिक आरोग्य केंद्र डोळ्यांसमोर ठेवून केली आहे.

आधी नोंदवह्या पाहाव्यात

प्रशिक्षणाची तारीख ठरवण्यापूर्वी दोन दिवस त्या दवाखान्यात जाऊन बसावे. बाह्यरुग्ण विभागाची, गरोदर मातांची, प्रयोगशाळेची आणि समुपदेशन व चाचणी केंद्राची नोंदवही शेजारी शेजारी ठेवून मागच्या तीन महिन्यांतले चार आकडे काढावेत: ज्यांची तपासणी व्हायला हवी होती असे किती जण आले, किती जणांचे रक्त किंवा नमुना घेतला गेला, किती जणांना निकाल प्रत्यक्ष हातात मिळाला, आणि दोष आढळलेल्यांपैकी किती जणांवर पूर्ण उपचार झाले. हे चार आकडे एकाखाली एक लिहिले की गळती कुठे आहे ते बहुतेक वेळा लगेच दिसते. पुष्कळदा रक्त घेण्यात कसूर नसते. निकाल नोंदवहीत चढतो, पण ज्या बाईचा तो निकाल आहे तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

याचे कारण रुग्णाच्या वाटेने चालून पाहिल्यावर कळते. केसपेपरची खिडकी, तपासणीची खोली, प्रयोगशाळा, पुन्हा तपासणीची खोली, औषधांची खिडकी, असा तो प्रवास कागदावर काढावा आणि प्रत्येक थांब्यावर किती वेळ जातो ते लिहावे. उपदंशाच्या चाचण्या आठवड्यातून एकदाच एकगठ्ठा लावायची पद्धत असेल, तर सोमवारी रक्त देऊन गेलेल्या गरोदर स्त्रीला "पुढच्या महिन्यात या" असे सांगितले जाते. बीडच्या एखाद्या गावात दिवाळीच्या सुमारास तिला असे सांगण्याला काही अर्थ नसतो, कारण तोवर तिची टोळी ऊसतोडणीला निघून गेलेली असते आणि ती परतते उन्हाळ्याच्या तोंडावर. ही गळती व्याख्यानाने थांबणार नाही. चाचणी त्याच सकाळी व्हावी अशी व्यवस्था वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञांशी बोलून आधी करून घ्यावी, आणि मगच प्रशिक्षणाला हात घालावा. जिथे व्यवस्था नाही तिथे शिकवलेले कौशल्य पंधरा दिवसांत विरते.

याच दोन दिवसांत औषधांचा साठा मोजावा. चाचणीचे संच, त्यांची मुदत, उपदंशावरच्या बेंझाथिन पेनिसिलिन इंजेक्शनच्या कुप्या, तीव्र ॲलर्जीवर द्यायचे ॲड्रेनॅलिन, योनीच्या आतून तपासणीसाठी लागणारे स्पेक्युलम हे उपकरण, निर्जंतुकीकरणाची सोय, तपासणीच्या टेबलाजवळचा दिवा आणि पडदा या सर्वांची यादी करावी. पडदा नसणे ही किरकोळ बाब नव्हे. आडोसा नाही म्हणून तपासणीच टाळणाऱ्या परिचारिका पुष्कळ असतात, आणि त्यांचे चुकते असे म्हणता येणार नाही.

कोणाला बसवावे, कुठे आणि किती वेळ

वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, आरोग्यसेविका, समुदाय आरोग्य अधिकारी, समुपदेशक, तंत्रज्ञ आणि औषधनिर्माण अधिकारी यांना तर बोलवावेच. पण केसपेपर काढणारे लिपिक आणि दारावरचे शिपाई यांनाही निदान पहिल्या सत्राला बसवावे. "तुमचं काय काम आहे? कशासाठी आलात?" असे खिडकीवरून मोठ्याने विचारले गेले की रांगेतला रुग्ण तिथूनच परत फिरतो, आणि आत बसलेल्या प्रशिक्षित माणसाला तो आला होता हेसुद्धा कळत नाही.

संख्या वीसच्या आत ठेवावी. जिल्ह्याच्या ठिकाणी सभागृहात सलग दोन दिवस बसवण्यापेक्षा त्याच दवाखान्यात, बाह्यरुग्ण विभाग संपल्यानंतर, तीन अर्धे दिवस घ्यावेत आणि दोन सत्रांमध्ये दहा-पंधरा दिवसांचे अंतर ठेवावे. या अंतराचा उपयोग असा की, पहिल्या सत्रात शिकलेले लोक प्रत्यक्ष रुग्णांवर वापरून पाहतात आणि दुसऱ्या सत्राला खऱ्या अडचणी घेऊन येतात.

जगभर दररोज दहा लाखांहून अधिक लोकांना बऱ्या होऊ शकणाऱ्या लैंगिक आजारांची नवी लागण होते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हा आकडा भिंतीवर लावायला हरकत नाही, पण सत्राची सुरुवात त्याने करू नये. आपल्या दवाखान्याचे वर काढलेले चार आकडे फळ्यावर लिहून सुरुवात करावी. आकडे लिहिताना कोणाचेही नाव घेऊ नये, कोणाकडे बोट दाखवू नये. गळती कुठे आहे ते कर्मचाऱ्यांनीच ओळखावे.

शब्दांपासून सुरुवात

पहिले पाऊण तास शब्दांसाठी द्यावेत. प्रत्येकाला चिठ्ठ्या द्याव्यात आणि आपापल्या गावात या तक्रारींसाठी लोक कोणते शब्द वापरतात ते लिहायला सांगावे. अंगावरून पांढरं जातं, धुपणी लागली, लघवीला आग होते, परमा झाला, गरमी झाली, जांघेत बद आली, खालच्या जागी फोड आलाय, धात जाते. असे वीस-पंचवीस शब्द सहज जमतात. मग ते एकेक करून मोठ्याने वाचावेत. खोलीत आधी हसू फुटते, मग शांतता होते, आणि शेवटी लोक बोलू लागतात. रुग्णाच्या संकोचाविषयी आपण बरेच बोलतो, पण पहिली अडचण विचारणाऱ्याच्या संकोचाची असते आणि ती शब्द उच्चारल्याशिवाय जात नाही.

शब्दांचा अर्थही इथेच तपासून घ्यावा. "अंगावरून जातं" याचा अर्थ कुठे पाळीचा रक्तस्राव असा घेतला जातो, तर कुठे पांढरा स्राव असा, "रंग कोणता?" असे न विचारल्याने चुकीची नोंद होते. धात जाण्याच्या तक्रारीमागे बहुधा संसर्ग नसतो, भीती असते. तरीही तो माणूस दवाखान्यात आलेला आहे आणि त्याला बाकीचे प्रश्न विचारण्याची हीच संधी आहे. "कंबर धरते, अशक्तपणा वाटतो" एवढेच सांगणारी बाई अनेकदा स्रावाविषयी सांगू पाहत असते.

त्याचबरोबर उलट बाजूही ठासून सांगावी. प्रत्येक स्राव म्हणजे लैंगिक आजार नव्हे. पाळीच्या चक्राप्रमाणे येणारा स्राव नैसर्गिक असतो. बुरशीचा संसर्ग किंवा योनीतील जीवाणूंचे संतुलन बिघडून होणारा स्राव नवऱ्याकडूनच आला असे म्हणता येत नाही. घाईने "हा संबंधातून होणारा आजार आहे" असे सांगून पाठवलेल्या बाईला घरी मार बसू शकतो, तिचा संसार मोडू शकतो. तपासणी वाढवण्याच्या उत्साहात हे नुकसान होता कामा नये.

प्रश्न विचारण्याचा सराव

संपूर्ण प्रशिक्षणात सर्वांत जास्त वेळ याला द्यावा. माझ्या मते एकूण वेळेच्या निम्मा. रोगांची माहिती पुस्तकात मिळते, पण विचारणे सरावानेच येते.

प्रश्नाआधी प्रस्तावना हवी. ती प्रत्येक कर्मचाऱ्याने आपल्या बोलीत तयार करावी आणि ती पाठ व्हावी इतक्या वेळा म्हणावी. एक नमुना असा: "ताई, इथे येणाऱ्या प्रत्येकाला, बाई असो की पुरुष, मी काही खासगी प्रश्न विचारते. त्यावरून कोणती तपासणी करायची ते ठरतं. उत्तरं माझ्यापाशी आणि डॉक्टरांपाशीच राहतात. एखादं उत्तर द्यायचं नसेल तर तसं सांगा, उपचार थांबणार नाहीत. विचारू का?" यातील "प्रत्येकाला" हा शब्द सर्वांत मोलाचा आहे. आपल्यावर संशय घेतला जातो आहे, ही भावना त्या एका शब्दाने पुष्कळ कमी होते. अर्थात तो खराही असला पाहिजे; निवडक माणसांनाच विचारून "प्रत्येकाला विचारते" म्हणणे लोकांच्या लगेच लक्षात येते.

त्यानंतरचे प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे जावेत. लघवीला आग, स्राव, फोड किंवा जखम, ओटीपोटात दुखणे, जांघेत गाठ यांपासून सुरुवात करावी. मग पाळी, गर्भधारणा आणि पूर्वी असा आजार झाला होता का, हे विचारावे. मग जोडीदारांविषयी: "गेल्या तीन महिन्यांत एकाच जोडीदाराशी संबंध आला की आणखी कोणाशी?", "जोडीदार पुरुष आहेत, स्त्रिया आहेत, की तृतीयपंथी?", "निरोध नेहमी वापरता, कधी कधी, की नाही?", "तुमच्या जोडीदाराला अशी काही तक्रार आहे का?" संबंध योनीमार्गे, मुखावाटे की गुदमार्गे येतो हेही विचारावे लागते, कारण नमुना कुठून घ्यायचा आणि कोणता भाग तपासायचा ते त्यावर ठरते, हे कारण रुग्णाला सांगितले की प्रश्न आगाऊपणाचा वाटत नाही. "नवरा सोडून आणखी कोणाशी संबंध आहेत का?" असा प्रश्न मात्र कधीही विचारू नये, त्यात उत्तर आधीच ठरलेले असते. "तुम्ही चांगल्या घरच्या दिसता, तुम्हाला काय विचारायचं" हे वाक्यही तितकेच घातक आहे, कारण त्यामुळे ज्यांना काही सांगायचे असते त्यांचे तोंड बंद होते.

सराव तिघांच्या गटांत घ्यावा: एकाने विचारावे, एकाने रुग्ण व्हावे, एकाने पाहावे. पाहणाऱ्याच्या हातात पाच-सहा मुद्द्यांचा कागद असावा. दार बंद केले का, सोबत आलेल्या सासूला किंवा नवऱ्याला नम्रपणे बाहेर बसवले का, परवानगी घेतली का, सर्व प्रश्न आले का, चेहऱ्यावर नापसंती उमटली का, चाचणी स्पष्ट शब्दांत देऊ केली का, एवढेच त्याने नोंदवावे. रुग्णांच्या भूमिका आधी लिहून ठेवाव्यात आणि त्या मुद्दाम वेगवेगळ्या असाव्यात. पहिलटकरीण सून, महिन्यातून वीस दिवस बाहेर असणारा ट्रकचालक, साठीचे विधुर गृहस्थ, एकोणीस वर्षांची अविवाहित विद्यार्थिनी, पुरुषांशी संबंध असलेला विवाहित पुरुष, तृतीयपंथी व्यक्ती, देहविक्री करणारी स्त्री, अशा सर्व भूमिका फिरून याव्यात. साठीच्या गृहस्थांशी बोलताना बहुतेक परिचारिका अडखळतात. तिथे "काका, वय कितीही असलं तरी मी हे सगळ्यांनाच विचारते" हे वाक्य उपयोगी पडते.

अविवाहित मुलीला "लग्न झालंय का?" एवढा एकच प्रश्न विचारून बाकीचे सोडून देणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. लग्न आणि लैंगिक संबंध हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तृतीयपंथी व्यक्तीला ती स्वतःसाठी जे नाव आणि जे संबोधन वापरते तेच वापरावे आणि केसपेपरवरही तसे लिहावे. शक्य असेल तिथे त्या भागातील लक्ष्यगट हस्तक्षेप प्रकल्पात, म्हणजे जास्त जोखमीच्या गटांसाठीच्या प्रकल्पात, काम करणाऱ्या समवयस्क शिक्षिकेला (त्याच गटातल्या कार्यकर्तीला) किंवा तृतीयपंथी कार्यकर्तीला एका सत्रासाठी सन्मानाने व मानधन देऊन बोलवावे. दवाखान्यात आपल्याला कसे वागवले जाते हे तिने शांतपणे सांगितलेले पंधरा मिनिटे ऐकले की कर्मचाऱ्यांच्या वागण्यात जो फरक पडतो तो माझ्या कोणत्याही व्याख्यानाने पडलेला नाही.

अठरा वर्षांखालील मुलामुलींबाबत प्रस्तावनेतील गुप्ततेचे वाक्य जसेच्या तसे वापरता येत नाही. २०१२ च्या पॉक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्याप्रमाणे अशा वयातील लैंगिक संबंधाची माहिती मिळाल्यास ती कळवण्याची जबाबदारी कर्मचाऱ्यावर येते. म्हणून जे पाळता येणार नाही असे वचन आधी देऊ नये. अशा वेळी कोणाला सांगायचे, नोंद कशी करायची, मुलीला ते कसे समजावायचे, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लेखी ठरवून ठेवावे. उपचार मात्र कोणत्याही कारणाने थांबता कामा नयेत, ही गोष्ट प्रत्येकाच्या मनावर बिंबवावी.

कोणाची चाचणी, कोणती आणि तिचा अर्थ काय

दुसऱ्या सत्रात हा विषय घ्यावा. कोणाची तपासणी करायची ते एका पानावर मोठ्या अक्षरांत लिहून तपासणीच्या खोलीत लावावे. प्रत्येक गरोदर स्त्रीची पहिल्याच भेटीत एचआयव्ही आणि उपदंश या दोन्हींसाठी. लैंगिक आजाराची तक्रार असलेल्या प्रत्येकाची या दोन्हींसाठी. एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींची. दोष आढळलेल्या रुग्णाच्या जोडीदाराची. आणि जास्त जोखमीच्या गटांतील व्यक्तींची ठरावीक अंतराने. देहविक्री करणाऱ्या स्त्रियांसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात तीन महिन्यांनी वैद्यकीय तपासणी आणि सहा महिन्यांनी उपदंशाची चाचणी, असा क्रम ठेवलेला आहे. बाळंतपणाच्या वेळी जिची आधी चाचणी झालेली नाही अशी स्त्री आली, तर प्रसूतिकक्षातच चाचणी व्हावी.

चाचण्यांविषयी बोलताना सर्व रोगांचा आढावा घेण्याचा मोह टाळावा. या पातळीवर जिथे हमखास गोंधळ होतो अशा जागा थोड्या आहेत आणि त्यांतली पहिली उपदंशाची. बोटाच्या रक्तावर होणारी झटपट चाचणी उपदंशाच्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे (शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेली प्रथिने) दाखवते, आणि ती प्रतिपिंडे पूर्ण उपचारानंतरही बहुधा आयुष्यभर राहतात. म्हणजे ही चाचणी "कधी तरी लागण झाली होती" एवढे सांगते. आरपीआर किंवा व्हीडीआरएल या उपदंशाच्या दुसऱ्या रक्तचाचण्यांचे प्रमाण, म्हणजे नमुना किती पट सौम्य करूनही चाचणी पॉझिटिव्ह येते तो आकडा, मात्र रोग सक्रिय असताना वाढते आणि उपचारानंतर उतरते. १:३२ वरून १:८ वर आले तर चौपट घट झाली, म्हणजे उपचार लागू पडला. १:३२ वरून १:१६ ही घट धरता येत नाही, कारण एवढा फरक चाचणीच्या चढउतारातही पडतो. हे फळ्यावर चार उदाहरणे सोडवून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. मागे उपचार घेतलेल्या बाईला दर वेळी झटपट चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून पुन्हा पुन्हा आजारी धरले जाते, आणि उलट जिला खरोखर पुन्हा लागण झाली ती "जुनंच आहे" म्हणून सुटून जाते.

तंत्रज्ञांसोबत स्वतंत्र तासभर बसावे. आरपीआरचे रसायन शीतपेटीतून काढून खोलीच्या तापमानाला आणले जाते का, कार्ड मिनिटाला १०० फेऱ्यांच्या गतीने ८ मिनिटे फिरवले जाते का की हाताने अंदाजे हलवले जाते, लक्षणे स्पष्ट असूनही चाचणी निगेटिव्ह आली तर नमुना सौम्य करून पुन्हा पाहिला जातो का, हे तीन प्रश्न पुरेत. प्रतिपिंडे फार जास्त असली की नमुना सौम्य केल्याशिवाय चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, हे अनेकांना नव्याने कळते. योनिस्रावाची ओली काचपट्टीही अशीच: ट्रायकोमोनास हा परजीवी हालचालीवरून ओळखला जातो आणि काचपट्टी टेबलावर पडून राहिली की ती हालचाल थांबते. नमुना घेणारी आणि सूक्ष्मदर्शकाशी बसलेला तंत्रज्ञ यांच्यात हाकेचे अंतर असावे.

स्पेक्युलमने तपासणी आधी प्रतिकृतीवर शिकवावी, मग रुग्णाच्या संमतीने अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखाली करून घ्यावी. तपासणी पुरुष डॉक्टर करणार असतील तर स्त्री कर्मचारी खोलीत असलीच पाहिजे. जिथे जनुकीय पद्धतीची (जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी) चाचणी उपलब्ध आहे तिथे स्त्रीने स्वतःच योनीतून घेतलेला बोळ्याचा नमुनाही चालतो, आणि अंतर्गत तपासणीला नकार देणाऱ्या अनेक स्त्रिया त्याला आनंदाने तयार होतात.

एक फरक सत्रात वारंवार सांगावा लागतो. राष्ट्रीय कार्यक्रमातील रंगांच्या सात किट, म्हणजे करडी, हिरवी, पांढरी, निळी, लाल, पिवळी आणि काळी, या लक्षणांवरून उपचार करण्यासाठी आहेत. मूत्रमार्गातून पू, योनिस्राव, जखम, ओटीपोटात दुखणे, जांघेतील गाठ यांपैकी काही दिसले तर कोणती किट द्यायची हे औषधनिर्माण अधिकाऱ्यांकडून करून घेतलेल्या जोड्या जुळवण्याच्या सरावाने पक्के होते. पण किट देणे म्हणजे तपासणी नव्हे. किट घेऊन गेलेल्या रुग्णाचे एचआयव्ही आणि उपदंशासाठी रक्त घेतले नाही, तर काम अर्धेच झाले. किटमधील औषधे आणि मात्रा शिकवण्याआधी त्या वर्षीची राष्ट्रीय मार्गदर्शिका उघडून पाहावी. परम्याचे जंतू औषधांना दाद देईनासे होत असल्याने त्यावरील औषधांच्या शिफारशी बदलत जातात.

पेनिसिलिनची भीती

गरोदर स्त्रीचा उपदंश बरा करून पोटातल्या बाळालाही वाचवणारे खात्रीचे औषध एकच आहे, बेंझाथिन पेनिसिलिन. उपचार झाले नाहीत तर गर्भपात, मृतजन्म, अपुऱ्या दिवसांचे किंवा जन्मतःच आजारी बाळ यांचा धोका असतो. आणि बाळासाठी उपचार पुरेसे धरायचे तर पहिले इंजेक्शन प्रसूतीच्या निदान ३० दिवस आधी मिळालेले असावे लागते. तरीही पुष्कळ ठिकाणी हे इंजेक्शन दिले जात नाही, रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवले जाते आणि ती तिथे पोहोचतच नाही. याला कारण भीती. इंजेक्शनची तीव्र प्रतिक्रिया येऊन रुग्ण दगावला तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो आणि तो चूक नाही. तो खुलेपणाने चर्चेला घ्यावा.

भीती घालवण्याचा मार्ग म्हणजे तयारी. तीव्र प्रतिक्रिया क्वचित येते, पण ती येणारच आहे असे धरून ट्रे मांडावा आणि प्रसंग करून दाखवावा. एक परिचारिका रुग्ण होते, इंजेक्शननंतर तिला धाप लागते, घाम फुटतो. बाकीच्यांनी घड्याळ लावून काय करायचे ते करावे. १:१००० ॲड्रेनॅलिन ०.५ मिली मांडीच्या स्नायूत, रुग्णाला आडवे करून पाय वर, प्राणवायू, शिरेतून सलाईन, आणि १०८ ला फोन. हा सराव निदान तीनदा झाला की हात थरथरायचे थांबतात. इंजेक्शन देण्यापूर्वी पूर्वीच्या ॲलर्जीची चौकशी करावी, संस्थेच्या नियमाप्रमाणे चाचणी मात्रा द्यावी आणि नंतर अर्धा तास रुग्णाला समोर बसवून ठेवावे.

देण्याची पद्धतही हाताने शिकवावी. एका वेळची मात्रा २४ लाख युनिट, म्हणजे प्रत्येक कुल्ल्यात १२ लाख, खोल स्नायूत. औषध दाट असते, बारीक सुईत अडकते. म्हणून जाड सुई घ्यावी, मिसळल्यावर लगेच द्यावे आणि हळूहळू द्यावे. लागण केव्हाची आहे ते माहीत नसेल, तर आठवड्याच्या अंतराने तीन वेळा द्यावे लागते, आणि तिसऱ्या वेळेपर्यंत रुग्ण टिकावी म्हणून पुढच्या दोन तारखा तिच्या कार्डावर लिहून फोन क्रमांक तिच्या परवानगीने घ्यावा. पहिल्या दिवशी ताप, थंडी, अंगदुखी होऊ शकते. ही औषधाची ॲलर्जी नसून जंतू मरण्याने येणारी प्रतिक्रिया आहे हे आधीच सांगितले नाही, तर बाई दुसऱ्या इंजेक्शनला येत नाही. गरोदर स्त्रीची झटपट चाचणी पॉझिटिव्ह आली की आरपीआरसाठी रक्त काढून ठेवावे आणि पहिले इंजेक्शन त्याच दिवशी द्यावे, निकालाची वाट पाहू नये.

जोडीदार आणि गुप्तता

जोडीदारावर उपचार झाले नाहीत तर रुग्णाला पुन्हा लागण होते, हे सर्वांना ठाऊक असते. पण "नवऱ्याला घेऊन या" असे सांगून विषय संपवला जातो. आधी विचारावे: "घरी हे सांगितलं तर तुम्हाला त्रास होईल का?" मारहाणीची भीती असेल तर तिच्या सुरक्षिततेचा विचार पहिला, जोडीदाराचा नंतर. भीती नसेल तर आजाराचे नाव नसलेली चिठ्ठी द्यावी, ज्यावर फक्त तारीख, खोली क्रमांक आणि एक खुणेचा आकडा असेल. निदान गेल्या तीन महिन्यांतील जोडीदारांचा विचार करावा. काय सांगायचे याचा सराव रुग्णाकडून तिथेच एकदा करून घ्यावा: "दवाखान्यात माझ्या रक्तात एक दोष निघालाय, दोघांनी औषध घ्यायला सांगितलंय." एवढे पुरे होते.

गुप्ततेवर व्याख्यान न देता ती कुठे कुठे फुटते ते दवाखान्यात फिरून दाखवावे. प्रयोगशाळेच्या खिडकीवर उघडी पडलेली नोंदवही, नाव आणि निकाल एकत्र पुकारणारा आवाज, केसपेपरवर लाल शाईने मारलेली खूण, रुग्णाचे नाव लिहिलेली रंगीत किट हातात घेऊन बाहेर पडणारी बाई. एचआयव्ही बाधित व्यक्तीची माहिती तिच्या संमतीशिवाय उघड करण्यास १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे, आणि उपदंशाच्या रुग्णाशीही तितक्याच काळजीने वागावे. आशाताई गावातल्याच असतात आणि बहुधा रुग्णाच्या नात्यातल्याही; पाठपुरावा त्यांच्यामार्फत करायचा की फोनवर, हे रुग्णालाच ठरवू द्यावे.

प्रशिक्षणानंतरचे सहा महिने

सत्राच्या शेवटी घेतलेल्या लेखी परीक्षेत गुण वाढलेले दिसतात, पण त्यावरून रुग्णाला प्रश्न विचारला जाऊ लागला असे सिद्ध होत नाही. म्हणून दर महिन्याला तासभर जाऊन तेच चार आकडे पुन्हा काढावेत आणि फळ्यावर मागच्या महिन्याच्या शेजारी लिहावेत. एखाद्या महिन्यात पॉझिटिव्ह निकाल वाढले तर कोणी घाबरू नये, किंवा कोणाला जाबही विचारू नये. बहुधा त्याचा अर्थ तपासणी होऊ लागली असा असतो, ही गोष्ट तालुका आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना आधीच सांगून ठेवावी. कर्मचाऱ्यांना पूर्वकल्पना देऊन व त्यांची संमती घेऊन सहा महिन्यांत एखादी प्रशिक्षित व्यक्ती रुग्ण म्हणून पाठवावी, आणि तिचे निरीक्षण संबंधित कर्मचाऱ्याला एकट्याला, खाजगीत सांगावे.

प्रत्येक दवाखान्यात एक परिचारिका या कामाची मार्गदर्शक म्हणून नेमावी. वयापेक्षा तिचे बोलणे पाहावे. जिच्याशी इतर सिस्टर मोकळेपणाने बोलतात तीच योग्य. अडचणी तिच्याकडे याव्यात, साठा संपत आला की पहिली सूचना तिने द्यावी. चाचणीचे संच संपले असताना विचारत राहिलेले कर्मचारी दोन आठवड्यांत विचारणे सोडून देतात आणि संच आले तरी पुन्हा सुरू करत नाहीत, त्यामुळे साठ्याची किमान पातळी लिहून ठेवणे हा प्रशिक्षणाचाच भाग समजावा.

आणि बदल्यांचा विचार पहिल्या दिवसापासून करावा. बंधपत्रावरचे डॉक्टर वर्षभरात जातात, कंत्राटी तंत्रज्ञाची मुदत संपते, आरोग्यसेविकेची बदली होते. नवीन माणूस रुजू झाला की पहिल्या आठवड्यात त्याने मार्गदर्शक परिचारिकेच्या शेजारी बसून पाच रुग्णांशी होणारे बोलणे, अर्थात रुग्णांच्या परवानगीने, ऐकावे. पुढच्या पाच रुग्णांशी त्याने बोलावे आणि तिने ऐकावे. भिंतीवरचे पान, ॲड्रेनॅलिनचा ट्रे आणि कुलुपातली नोंदवही तिने त्याला स्वतः दाखवावी, आणि तारखेसह दोघांनी त्याची नोंद करून ठेवावी.